वसुलीचा फोन आणि वहिनींची वही

दादांनी म्हशीसाठी बँकेचे कर्ज काढले. म्हैस दगावली. हप्ते थकले. 40,000 रुपये बाकी राहिली. वसुलीवाल्यांचे फोन येऊ लागले. दादांनी इतकी धास्ती घेतली, की फोन वाजला की ते तो कणगीत ठेवायचे.

वहिनी म्हणाल्या, "अहो, फोन लपवून कर्ज लपतं का? देणं आहे ते द्यायचंच. पण भिऊन नको, समजून देऊ."

वहिनी साक्षरता वर्गात लिहायला शिकल्या होत्या. त्यांनी एक वही केली.

दोघे बँकेत गेले. अडचण सांगितली. 28,000 रुपये दोन हप्त्यांत भरावेत, बाकीचे बँक सोडील, अशी तडजोड ठरली. वहिनी म्हणाल्या, "साहेब, हे कागदावर द्या." बँकेने सही-शिक्क्याचे पत्र दिले.

तरी एका रात्री 9 वाजता फोन आला. "आत्ताच्या आत्ता 5,000 माझ्या नावावर पाठवा. नाहीतर उद्या चावडीवर तुमची अब्रू काढतो!"

दादांचे हात कापू लागले. वहिनींनी फोन घेतला. नाव विचारले. नाव, तारीख, वेळ, बोलणे, सारे वहीत लिहिले. मग म्हणाल्या, "भाऊ, तडजोडीचं पत्र आमच्याकडं आहे. पैसे बँकेतच भरू."

सकाळी त्यांनी बँकेत लेखी तक्रार दिली व पोच घेतली. पुढे दोन्ही हप्ते वेळेवर भरले. आता फोन कणगीत नसतो, खुंटीवरच्या पिशवीत असतो.

ध्यानात ठेवा

1. सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2022 साली बजावले. मायक्रोफायनान्स कर्जासाठी ही वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6 आहे. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान यांना मनाई आहे.

2. वसुलीवाला दारी आला, तर ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र पाहा.

3. पैसे कर्जखात्यातच भरा. पावती जपा. पिन किंवा ओटीपी कोणाला सांगू नका.

4. बँकेने 30 दिवसांत तक्रारीची दाद घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी फोन 14448.

5. शेवटी 'देणे बाकी नाही' असा दाखला घ्या. तडजोडीची नोंद पतनोंदीत राहते. त्यामुळे पुढे कर्ज मिळायला अडचण येऊ शकते. पूर्ण फेडता आले, तर तेच बरे.

सांगा पाहू

वहिनींनी वहीत काय काय लिहिले? 5,000 रुपये का पाठवले नाहीत?