आवडलें, पण कां ?

चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या मंडळींचें बोलणें ऐकल्यास त्यांत दोनच शब्द वारंवार कानीं पडतात : 'झकास' किंवा 'भिकार'. घरीं दूरदर्शनवरील मालिका पाहतांनाहि हाच प्रकार चालतो. एवढें बोलून झालें म्हणजे आपण मत दिलें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः आवडनिवड सांगणें ही मताची केवळ पहिली पायरी होय. 'कां ?' या प्रश्नाचें उत्तर दिल्यावांचून मत पुरें होत नाहीं. हें उत्तर कसें शोधावें, याचा विचार आज आपण तीन प्रसिद्ध चित्रपटांच्या आधारें करूं.

पहिली गोष्ट ही कीं, निर्णयाची घाई करूं नये. 'शोले' हा हिंदी चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजीं प्रदर्शित झाला. आरंभीं अनेक समीक्षकांनीं त्यास नांवें ठेविलीं, आणि पहिल्या कांहीं दिवसांचा प्रतिसादहि निर्मात्यांस चिंता वाटावी असाच होता. परंतु तो पाहून आलेल्या साध्या प्रेक्षकांनीं एकमेकांस सांगितलें, संवाद लोकांच्या तोंडीं बसले, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत हा चित्रपट पांच वर्षें चालला. सामान्य प्रेक्षकाचें मत तुच्छ लेखूं नये, हें यावरून दिसतें. तथापि 'पुष्कळ चालला म्हणून चांगला' हेंहि उत्तर पुरेसें नव्हे. गर्दी संख्या सांगते, कारण सांगत नाहीं. त्यांतील सांबा या पात्रास बोलावयास जवळजवळ कांहींच नाहीं. तरी त्याचें नांव घरोघर ठाऊक आहे. सलीम-जावेद या लेखकद्वयानें लहानांतल्या लहान पात्रासहि स्वतःचें रूप दिलें, असें जो दाखवून देईल, त्यानें खरें कारण सांगितलें.

दुसरी गोष्ट, विषयाचा थोरपणा व कृतीचा थोरपणा एक समजूं नये. संतांचीं चरित्रें पडद्यावर पुष्कळ आलीं. पण प्रभात कंपनीचा दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' (१९३६) १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. तुकोबांवर आमची भक्ति आहे, म्हणून चित्रपट उत्तम, असें म्हणणें म्हणजे चित्रपटाविषयीं कांहींच न बोलणें होय. त्याऐवजीं गौरीनें रंगविलेल्या जिजाईकडे पाहावें. पति भजनांत रंगलेला, मुलें भुकेलीं, घरांत दाणा नाहीं. ती भांडते, विठोबालाहि बोल लावते. पण तिला हास्यास्पद किंवा दुष्ट केलेलें नाहीं. तिची तळमळहि खरी आणि तुकोबांची भक्तिहि खरी. दोन्ही बाजूंस न्याय मिळाल्यामुळें चित्रपट जिवंत वाटतो. हें मात्र मत झालें. कारण तें पडद्याकडे बोट दाखवून सांगतां येतें.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. जें मनास दुखवितें, तें वाईटच असतें असें नाहीं. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ सालीं आला. पूर्वार्धांतील गाण्यांवर प्रेक्षक चित्रगृहांतच नाचले. शेवटीं मात्र माहेराहून भेटवस्तु घेऊन आलेलीं माणसेंच, आंतरजातीय विवाह केल्याबद्दल, मुलीचा व तिच्या पतीचा खून करितात, आणि त्यांचें लहान मूल रक्ताळलेल्या पावलांनीं चालूं लागतें. 'गाणीं छान, पण शेवट वाईट,' असें पुष्कळ जण म्हणतात. येथें 'वाईट' या एकाच शब्दांत दोन अर्थ मिसळले आहेत. शेवट दुःखद आहे, हा एक. शेवट कथेस शोभत नाहीं, हा दुसरा. पहिला सर्वांस मान्य होईल. दुसरा सिद्ध करावा लागेल. जातीच्या अभिमानापायीं अशा हत्या आपल्या देशांत आजहि घडतात. शेवट गोड केला असता तर प्रेक्षक गाणें गुणगुणत घरीं गेला असता, व तें सत्य चित्रगृहांतच राहिलें असतें.

आतां कोणी विचारील, करमणुकीच्या गोष्टींत एवढी चिकित्सा कशाला ? कारण संवय एकच असते. आवडत्या नटावरून वर्गांत दोन तट पडतात, मित्र मित्राशीं अबोला धरितो. जो चित्रपटास एका शब्दांत निकालांत काढतो, तो वर्गांत नव्यानें आलेल्या मुलासहि, त्याचा पोशाख किंवा बोली ऐकून, एका शब्दांत निकालांत काढतो. चित्रपटाचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं. त्या मुलाचें मात्र सबंध वर्ष एकटेपणांत जातें. पौल प्रेषितानें थेस्सलनीका येथील मंडळीस प्रत्येक गोष्ट पारखून घेण्यास शिकविलें. पारख करणें म्हणजे दोष काढणें नव्हे. पूर्ण पाहून मग बोलणें होय.

पालकांस आमची एक विनंति आहे. मूल 'मस्त होता' म्हणालें, तर हंसून सोडून देऊं नये, अथवा 'हें काय पाहतोस' म्हणून गप्पहि करूं नये. 'तुला कोणतें पात्र खरें वाटलें ? कां ?' एवढेंच विचारावें, आणि उत्तर शांतपणें ऐकावें.

विद्यार्थी मित्रहो, पुढचा चित्रपट पाहाल तेव्हां वहींत चार ओळी लिहा : काय आवडलें, कां आवडलें, काय खटकलें, आणि आपल्याशीं न जुळणारें मत असलेल्या मित्राचें म्हणणें काय. चौथी ओळ लिहिण्यासाठीं त्याचें बोलणें पुरतें ऐकावें लागेल. चारांत तीच अधिक मोलाची आहे.