बोकडांच्या अंगी किती लागतं?

प्रश्न : आठ उस्मानाबादी बोकड गोठ्यातच वाढवतो. लसूणघास आणि खुराक देतो. खाल्लेलं अंगी लागतंय का, हे कसं मोजावं?

उत्तर : खाल्लेल्या शुष्क पदार्थाला वाढलेल्या वजनाने भागा. उत्तर जितकं कमी, तितकं चांगलं. हिशेब चुकतो तो हिरव्या चाऱ्यात. पाच किलो ताज्या लसूणघासात सुमारे चार किलो पाणीच असतं, म्हणून शुष्क पदार्थ एकच किलो धरा. खुराकात मात्र किलोमागे साधारण नऊशे ग्रॅम. शेळ्या-बोकड पाला ओरबाडून काड्या टाकतात. गव्हाणीतलं उरलेलं आणि पायाखाली तुडवलेलं रोज तोलून वजा कराच.

वजन सकाळी, चारा-पाण्याआधी घ्या. भरल्या पोटी काटा एक-दोन किलो सहज जास्त दाखवतो. दोन वजनांत महिन्याचं अंतर हवं.

समजा, एका बोकडाने महिन्यात 21 किलो शुष्क पदार्थ खाल्ला आणि तो 18 किलोवरून 20.5 वर गेला, तर गुणोत्तर 8.4. ब्रॉयलर कोंबडीच्या दीड-पावणेदोनशी याची तुलना करू नका; रवंथ करणाऱ्या जनावराचं गणित वेगळं. आकडा बारा-पंधराकडे सरकला, तर खुराक बदलण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंडी तपासून घ्या. पुष्कळदा कारण जंतच असतात.