इंग्रजी शिकूया: सी, लुक आणि वॉच

ताईंनो, या तिन्ही शब्दांचा अर्थ आपण 'बघणे' असाच सांगतो. मग कुठे कोणता वापरायचा? आधी मराठीत स्वतःला विचारा: दिसलं, बघितलं, की लक्ष ठेवलं?

१) सी म्हणजे दिसणे. समोर आलं, दिसलं. 'आय सी अ बस.' मला बस दिसते.

२) लुक म्हणजे मुद्दाम नजर टाकणे. कशाकडे ते सांगायचं तर पुढे 'ॲट' लावा. 'लुक ॲट द पासबुक.' पासबुक बघा.

३) वॉच म्हणजे लक्ष ठेवून बघत राहणे. 'वॉच द मिल्क.' दुधाकडे लक्ष ठेव, उतू जाईल. वॉचमन आठवा, म्हणजे विसरणार नाही.

एक वेगळा वापर: 'सी अ डॉक्टर' म्हणजे डॉक्टरांना दाखवा. औषधाच्या कागदावर असं दिसलं तर दुर्लक्ष करू नका.

आणि बँकेतून आल्यावर पासबुक नुसतं 'सी' करू नका, 'लुक' करा. पासबुक सगळ्यांनाच दिसतं. हप्ता जमा झाला का, शिल्लक किती, हे बघणारीलाच चूक सापडते.

गृहपाठ: पुढच्या बैठकीत प्रत्येकीने तिन्ही शब्दांचं एकेक वाक्य सांगायचं. चुकलं तरी चालेल, बोलायचं मात्र नक्की!