आकडा वाढला, म्हणजे ग्रेन वाढले का?

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. अनीलिंग केलेल्या ३०४ स्टेनलेस स्टीलच्या नमुन्याचा ग्रेन साइज तक्त्याशी ताडून ६ येतो, नवं सॉफ्टवेअर ८ दाखवतं. ग्रेन मोठे झाले का? कोणता आकडा खरा धरू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, काळजी नसावी. एएसटीएम ई११२ नुसार आकडा वाढला की ग्रेन बारीक होतात. १०० पट मोठ्या केलेल्या चित्रात एका चौरस इंचात ६ ला ३२ ग्रेन असतात, ८ ला १२८.

तुमच्या नमुन्यात एवढा फरक बहुधा ट्विनमुळे पडतोय. ३०४ मध्ये ग्रेनच्या पोटात सरळ, समांतर रेषांच्या जोड्या दिसतात. ई११२ मध्ये त्या मोजत नाहीत. सॉफ्टवेअर मात्र त्यांनाही सीमा समजतं आणि एका ग्रेनचे तीन करतं. ओरखड्यांचंही तसंच.

आधी स्टेज मायक्रोमीटरने कॅलिब्रेशन तपासा. मग स्क्रीनवर ट्विन पुसून पुन्हा मोजा. किंवा ६० टक्के नायट्रिक आम्लात कमी व्होल्टेजवर इलेक्ट्रोलिटिक एचिंग करा. त्यात ट्विन फारसे उठत नाहीत. हे काम फ्यूम हूडमध्येच, गॉगल आणि हातमोजे घालून करा. निदान पाच जागा निवडा, त्याही नजरेला आवडलेल्या नकोत.

तक्त्याचा ६ हाही अंदाजच. म्हणून रेषा आखून हाताने छेद मोजा आणि त्याच्याशी सॉफ्टवेअर ताडा. तरीही शंका उरली तर व्हीएनआयटीच्या धातुशास्त्र विभागात विचारा. रिपोर्टमध्ये मोजणीची पद्धत जरूर लिहा.