घरी व्हिडिओ पाहण्यासाठी टी.व्ही. आणि स्पीकर कसा निवडावा?



ऊसबिल खात्यावर जमा झाले की घरात लांबणीवर पडलेली खरेदी पुढे येते. पूर्वी ती शिलाई मशीनची, सायकलची, रेडिओची असे. आता बहुतेक घरांत मोठ्या टी.व्ही.चा विषय निघतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा संच घेताना पाहायचे ते इतकेच की चित्र स्थिर दिसते का आणि अँटेना किती उंच लावावा लागतो. आता कार्यक्रम इंटरनेटच्या वाटेने येतात. किर्तन, कुस्ती, क्रिकेट, सिनेमा, मुलांचे शिकवणीचे धडे, खोडवा व्यवस्थापनाची माहिती, सगळे त्याच एका पडद्यावर. म्हणून निवडीचे नियमही बदलले आहेत. दुकानात गेले की फोर-के, एचडीआर, डॉल्बी, वॅट असे शब्द कानांवर आदळतात आणि दुकानदार म्हणतो, "दादा, हाच न्या, सगळे हाच नेतात." आपण बेणे घेताना वाण विचारतो, वय विचारतो, प्लॉट पाहून येतो. मग तीस-चाळीस हजारांची वस्तू नुसत्या सांगण्यावर का घ्यावी? यासाठी हा पाठ.

१. आधी पाटाचे पाणी मोजा

शेतात ठिबक बसवायचे तर आधी विहिरीला पाणी किती ते पाहतो. इथेही तसेच. घरात येणारा इंटरनेटचा वेग हे आपले पाणी. तो सेकंदाला किती मेगाबिट असा मोजतात. फुल एचडी चित्रासाठी साधारण ५ मेगाबिट वेग लागतो. फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ मेगाबिट सुचवते, यूट्यूब २० मेगाबिट. वेग कमी पडला की व्हिडिओ बंद पडतोच असे नाही. तो आपोआप खालच्या दर्जावर येतो आणि चित्र धूसर होते. पाहणारा म्हणतो संच वाईट, पण दोष असतो पाटाच्या पाण्याचा.

आता डेटाचा हिशेब. १ मेगाबिटचा प्रवाह तासभर चालला तर सुमारे ०.४५ जी.बी. डेटा जातो. म्हणजे ५ मेगाबिटला तासाला सव्वादोन जी.बी. आणि २० मेगाबिटला तासाला ९ जी.बी. रोज २ जी.बी. मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून मोठा टी.व्ही. चालवायचा म्हटले तर फुल एचडीचा एक सिनेमासुद्धा पुरा होणार नाही. ज्यांच्याकडे फायबरची जोडणी नाही त्यांनी व्हिडिओचा दर्जा ४८० किंवा ७२० वर ठेवावा. आणि ४८० वरच पाहायचे असेल तर फोर-केच्या नावाखाली जादा पैसे मोजण्यात काय अर्थ, हे ज्याचे त्याने ठरवावे.

राउटर कोठे ठेवला यावरही बरेच अवलंबून असते. लोखंडी कपाटावर किंवा कपाटाआड तो ठेवू नये. राउटरच्या दोन लहरी असतात. २.४ गिगाहर्ट्झची लांब जाते व भिंती पार करते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण दोन भिंती आड आल्या की थकते. राउटर टी.व्ही.च्या जवळ असेल तर सरळ वायर जोडावी, सर्वांत खात्रीचा उपाय तोच.

२. पडदा किती मोठा?

टी.व्ही.चा आकार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. ४३ इंची संचाची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर आणि उंची सुमारे ५४ सेंटिमीटर भरते. भिंतीवर आधी खडूने चौकट आखून बघावी, म्हणजे दुकानात फसगत होत नाही.

सोपा नियम असा: बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर इंचात मोजावे आणि दोनाने भागावे. अंतर आठ फूट म्हणजे ९६ इंच, निम्मे ४८. तेव्हा ४३ किंवा ५० इंची संच ठीक. अंतर साडेपाच फूटच असेल तर ३२ इंची पुरे. सिनेमाची फार आवड असेल तर एक पायरी वर जावे, नुसत्या बातम्या व भजने ऐकायची असतील तर एक पायरी खाली.

उंचीचेही भान ठेवावे. आपल्याकडे निम्मे घर सतरंजीवर बसून पाहते. संच मात्र फोटोसारखा पार वर, दाराच्या चौकटीच्या उंचीला लावतात आणि मग मान दुखते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या फार वर नसावा. समोर खिडकी असेल तर दिवसा पडद्यावर तिचेच प्रतिबिंब दिसते, म्हणून खिडकी बाजूला येईल अशी भिंत निवडावी.

३. फोर-के म्हणजे काय, आणि ते दिसते का?

चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. फुल एचडीमध्ये आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण सुमारे २० लाख ७० हजार ठिपके. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. चौपट ठिपके हे खरे, पण डोळ्याला ते वेगळे दिसले पाहिजेत ना! चांगल्या नजरेच्या माणसाला ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके साडेपाच फुटांच्या पलीकडून वेगळे ओळखता येत नाहीत; ५५ इंचीवर ही मर्यादा सुमारे सात फूट. म्हणजे आठ-नऊ फुटांवर बसणाऱ्या घराला ४३ इंचीवर फोर-केच्या जादा ठिपक्यांचा फायदा नावापुरताच. आज ४३ इंचांपासून पुढचे बरेच संच फोर-केच असतात, तेव्हा मिळाला तर नको म्हणू नये. पण त्यासाठी वेगळी किंमत मोजू नये, आणि घरी आणल्यावर दर्जा १०८० वर ठेवून डेटा वाचवावा.

ठिपक्यांपेक्षा काळा रंग किती काळा दिसतो, उजेड किती पडतो आणि बाजूने पाहिल्यावर रंग उडतात का, याने चित्रात जास्त फरक पडतो. "एलईडी टी.व्ही." म्हणून विकले जाणारे बहुतेक संच एलसीडीच असतात, मागचा उजेड फक्त एलईडीचा. त्यातल्या आयपीएस जातीच्या पडद्यावर बाजूने बसलेल्यालाही रंग नीट दिसतात. व्हीए जातीत समोरून काळा रंग गडद, पण बाजूने चित्र फिके पडते. दहा माणसांचे घर सोप्यावर पसरून बसत असेल तर दुकानात बाजूला सरकून पाहावे. ही परीक्षा फुकट आहे.

एचडीआर ही खूण जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते. तिचा खरा लाभ घ्यायला पडद्याची उजेड देण्याची ताकद मोठी लागते. स्वस्त संच एचडीआर चित्र स्वीकारतो, पण त्याचे तेज दाखवू शकत नाही. खोक्यावरच्या खुणेवर भाळू नये.

४. संचातली बुद्धी

स्मार्ट टी.व्ही. म्हणजे पडदा अधिक एक छोटा संगणक. पडदा दहा वर्षे टिकेल, पण संगणक त्या आधीच जुना होतो आणि नवी ॲप चालवीनासा होतो. म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, प्रणाली कोणती? गुगल टी.व्ही., टायझेन, वेबओएस, फायर टी.व्ही. अशा नावाजलेल्या प्रणाली असाव्यात. काही स्वस्त संचांत मोबाइलचीच साधी अँड्रॉइड प्रणाली घातलेली असते. तिथे ठरावीक ॲप चालतच नाहीत किंवा हलक्या दर्जात चालतात. दुसरी, स्मरणशक्ती म्हणजे रॅम किती? १ जी.बी.वर रिमोट दाबल्यावर वाट पाहावी लागते, २ जी.बी. बरी. तिसरी, आपल्याला हवे ते ॲप दुकानात प्रत्यक्ष चालवून दाखवा म्हणावे.

ज्यांचा जुना संच नीट चालतो पण स्मार्ट नाही, किंवा स्मार्ट असून सुस्त झाला आहे, त्यांनी नवा घेण्याची घाई करू नये. मागे एचडीएमआयचे भोक असेल तर काही हजारांची स्ट्रीमिंग स्टिक लावून तोच संच पुन्हा कामाला येतो. बैल धडधाकट असताना नुसते जू बदलण्यासारखे हे आहे.

५. आवाज: ज्याकडे दुर्लक्ष होते

आमच्या मते बहुतेक घरांत खरी अडचण चित्राची नसून आवाजाची असते. संच पातळ झाले, त्यामुळे आतले स्पीकर लहान झाले आणि त्यांची तोंडे खाली किंवा मागे गेली. सिनेमातले बोलणे कळत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच गाणे लागते आणि शेजारी जागे होतात. वयाबरोबर कानाला उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. स, त, फ ही व्यंजने निसटतात. आजोबा-आजी "काय म्हणाला तो?" असे विचारतात ते याचमुळे, आणि दोनदा विचारून उत्तर मिळाले नाही की गप्प बसतात. घरातले वडीलधारे टी.व्ही.समोर असून कार्यक्रमाच्या बाहेर राहतात. नव्या संचाचा पैसा सार्थकी लागला की नाही, ते आम्ही याच कसोटीवर पाहतो.

वॅटच्या आकड्याने फसू नये. २० वॅटचे ४० केले तर फरक ३ डेसिबल, जेमतेम जाणवेल एवढा. आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. "पी.एम.पी.ओ." लिहिलेले हजारांतले आकडे सोडून द्यावेत, "आर.एम.एस." वॅट विचारावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोलणे स्पष्ट येते का, ते मराठी बातम्या लावून ऐकावे. दुकानदार धडाम्-धुडूम् गाणेच लावतो, कारण त्यात दोष झाकतात.

उपाय स्वस्तापासून महागाकडे असे आहेत. आधी संचाच्या आवाजाच्या मेनूत बोलणे स्पष्ट करणारी सोय असते ती लावावी आणि आवाज "स्टिरिओ"वर ठेवून पाहावा. मग घरातली जुनी म्युझिक सिस्टिम जोडता येते का पाहावे. नाहीतर साधा साउंडबार घ्यावा. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि ढोलाचा खर्ज काढणारा वेगळा डबा. ३.१ मध्ये मधला स्पीकर वाढतो. सहा स्पीकरच्या ध्वनीत सिनेमातले बोलणे मुख्यतः याच मधल्या वाटेने येते, म्हणून कमी ऐकू येणाऱ्यांच्या घरी ३.१ उपयोगी. ५.१ ला मागे दोन स्पीकर लागतात. लहान खोलीत ते पायांत येतात.

जोडणी "एचडीएमआय ए.आर.सी." लिहिलेल्या भोकातून करावी. एका वायरने काम होते आणि एकाच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. ब्लूटूथने जोडल्यास कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

६. खोलीही वाजते

सिमेंटच्या भिंती, फरशी आणि वर स्लॅब अशा मोकळ्या खोलीत टाळी वाजवून बघा. घुमली, तर कितीही भारी स्पीकर आणला तरी शब्द एकमेकांत मिसळणार. खिडकीला जाड पडदा, खाली सतरंजी, मागच्या भिंतीकडे गोधड्यांची चवड एवढ्याने स्पष्टपणा वाढतो आणि खर्च शून्य. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नये. खर्जाचा डबा कोपऱ्यात ठेवल्यास अधिक घुमतो, म्हणून थोडा बाहेर ओढावा.

७. वीज आणि वीज

एक तारेतली, दुसरी आभाळातली. ८० वॅटचा संच रोज ५ तास चालला तर महिन्याला १२ युनिट होतात. ताऱ्यांच्या खुणेचे लेबल पाहून घ्यावे. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की नुसते रिमोटने बंद करून भागत नाही. प्लग, डिशची वायर आणि इंटरनेटची वायर तिन्ही काढाव्यात.

८. पैशाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टी.व्ही.चा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मोठ्या संचाची किंमत विचारताना हे ध्यानात असावे. टनाला हाती तीन हजार पडले असे धरले, तर तीस हजारांचा संच म्हणजे दहा टन ऊस. इंटरनेटला महिना ५०० रुपये धरले तर वर्षाला सहा हजार आणि पाच वर्षांत पुन्हा तीस हजार, म्हणजे आणखी दहा टन. हा दुसरा खर्च दुकानात कोणी सांगत नाही. "बिनव्याजी हप्ता" म्हटले तर रोखीत किती सूट मिळते आणि प्रक्रिया शुल्क किती, हे दोन प्रश्न विचारावेत. व्याज बहुधा तिथेच लपलेले असते. पक्के बिल व शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घ्यावे. तक्रार निघाली आणि दुकानदार दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

उदाहरणादाखल: सोपा दहा बाय बारा, बसण्याचे अंतर आठ फूट, फायबर ३० मेगाबिट, घरात सत्तरीच्या आई. सगळा पैसा ५५ इंचीत घालण्यापेक्षा ४३ इंची बरा संच आणि उरलेल्या पैशांत मधल्या स्पीकरचा साउंडबार घेणे शहाणपणाचे.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) आपल्या घरी संध्याकाळी आठ वाजता इंटरनेटचा वेग किती भरतो? मोबाइलवर मोजून लिहा.
(२) बसण्याचे अंतर इंचात किती? त्याचे निम्मे किती?
(३) टाळी घुमते का?
(४) घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बातम्यांतले शब्द कळतात का? त्यांनाच विचारा.

ही चार उत्तरे कागदावर लिहून खिशात घालावीत आणि मगच दुकानाची पायरी चढावी.