काचेवरची चांदी आणि मालवणचं पाणी

मालवण किनाऱ्यावर रसायनशास्त्र शिकवताना मला सर्वांत जास्त छळलं ते पाण्याने.

टॉलेन्सची चाचणी बारावीच्या मुलांना ठाऊक असते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घातले की तपकिरी अवक्षेप येतो. तो जेमतेम विरघळेपर्यंत अमोनिया घालायचा आणि मग ग्लुकोज. परीक्षानळी गरम पाण्यात धरली की काचेवर चांदी चढू लागते. आधी फिकट पिवळी छटा येते, कारण तेव्हा तिथे चांदीचे सुटे नॅनोकण असतात आणि ते 400 नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात. कण एकमेकांना भिडले की आरसा होतो. नॅनोकणांचा थर हवा असेल, तर द्रावणात काचपट्टी बुडवा आणि पिवळेपणावरच बाहेर काढा.

आमच्याकडे मात्र सिल्व्हर नायट्रेट विहिरीच्या पाण्यात टाकताच दुधाळ होई. सिल्व्हर क्लोराइड लिटरभर पाण्यात जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळतं, त्यामुळे थोडं क्लोराइडही पुरतं. पुढे अमोनियाने ती दुधाळी विरघळते आणि इथेच फसगत होते: द्रावण स्वच्छ दिसतं, थर ठिगळाठिगळांचा येतो. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव यांचं पाणी पिण्याला गोडं. या कामाला तेही चालायचं नाही. पावसाच्या पाण्यावरही विसंबू नका, समुद्रावरच्या वाऱ्यात मीठ असतं. डिस्टिल्ड वॉटर आणा आणि त्यातही आधी सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहा. काच धुण्याचं शेवटचं पाणी तेच हवं. बोटाचा ठसा राहिला, तर तिथे चांदी धरत नाही.

तयार पट्टी झाकून ठेवा. खाडीच्या चिखलातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने ती काळवंडते.

खरी भीती उरलेल्या द्रावणाची. गणपतीच्या सुट्टीनंतर एका शाळेच्या कपाटात अशी बाटली पाहिली, तळाला काळा गाळ. साठवलेल्या टॉलेन्स द्रावणात स्फोटक सिल्व्हर नायट्राइड तयार होतं आणि ते नुसत्या हलवण्यानेही फुटू शकतं. अशा बाटलीला हात लावू नका, मुलांना बाहेर काढा, जाणकाराला बोलवा. ताजं द्रावण मात्र तास संपायच्या आत पाण्याने पातळ करून विरल नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा. मग मीठ घाला. दिवसभर नकोसं वाटलेलं क्लोराइड इथे उपयोगी पडतं: चांदी पांढऱ्या अवक्षेपात खाली बसते, ती गाळून वेगळ्या बरणीत ठेवा, मोरीत ओतू नका.