निवडुंगाची रात्रपाळी

प्रश्न : आम्ही फिनिक्सशेजारी चँडलरला राहतो. हिरवळीला पाणी घालणं परवडेना, म्हणून अंगणात खडी पसरून निवडुंग लावले. कोपऱ्यावरचा उंच सग्वारो आहे तसाच आहे. पण पश्चिमेच्या भिंतीलगत लावलेलं मॅमिलारियाचं भरगच्च बेट जुलैमध्ये पिवळं पडलं आणि मधूनच खचलं. विकत आणलं तेव्हा पाटीवर ‘पूर्ण ऊन, कमी पाणी’ असं लिहिलेलं होतं. वाळवंटातलं झाड वाळवंटातच कसं मरतं? आणि आता तिथे काय लावावं? – एक वाचक, चँडलर (ॲरिझोना)

उत्तर : पाटी लिहिणाऱ्याने दिवसाचा विचार केला, रात्रीचा केला नाही. निवडुंग दिवसाच्या उन्हाला सहसा हार जात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पार्क नोबेल या शास्त्रज्ञाने निवडुंगांवर कित्येक वर्षं काम केलं. त्यात असं दिसलं, की हळूहळू सवय झालेल्या अनेक जाती ६० अंश सेल्सियसच्या वरचं तापमानही तासभर सोसतात. फिनिक्सचा पारा तिथवर जात नाही. मग अडतं कुठे?

निवडुंग रात्रपाळीचा कामगार आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. रणरणत्या हवेत निवडुंगाने तसं केलं, तर साठवलेलं पाणी भराभर उडून जाईल. म्हणून तो दिवसभर रंध्रं मिटून बसतो आणि अंधार पडल्यावर उघडतो. रात्री घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी बंद दाराआड, सूर्यप्रकाशात त्याची साखर करतो. ही सगळी व्यवस्था थंड रात्रीच्या भरवशावर चालते. ज्या जातींचा अभ्यास झालाय, त्यांपैकी बहुतेकींना १५ अंशांच्या आसपासची रात्र मानवते. रात्रही तापलेली राहिली तर वायू आत येत नाही, उलट श्वसन वाढून साठवलेली साखर खर्च होते. असे चार-सहा आठवडे गेले, की झाड उपाशी पडतं. उपाशी झाडाची मुळं कुजायला फार वेळ लागत नाही.

फिनिक्समध्ये नेमकं हेच घडतंय. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर राहिलं. त्याची बातमी जगभर झाली. निवडुंगांच्या दृष्टीने त्याहून मोठी बातमी वेगळी होती : त्याच जुलैत सलग १६ रात्री पारा ३२ अंशांच्या खाली उतरलाच नाही. डांबर, सिमेंट, विटांच्या भिंती आणि खडी दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ओकतात. त्या वर्षी डेझर्ट बोटॅनिकल गार्डन या १९३९ पासूनच्या नामांकित उद्यानातलेही काही सग्वारो झुकले, त्यांचे हात गळाले, काही कोसळले. सग्वारो तर तिथलाच भूमिपुत्र. तुमचं मॅमिलारिया बहुधा पाहुणं होतं.

‘मेक्सिकोचं वाळवंट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सपाट, भाजलेली जमीन येते. पण बाजारात मिळणारे झुपक्याने वाढणारे पुष्कळसे निवडुंग मध्य मेक्सिकोच्या दीड-दोन हजार मीटर उंचीच्या पठारावरून आणि दऱ्यांतून आलेले आहेत. मॅमिलारिया जेमिनिस्पिना हिदाल्गो भागातली. फेरोकॅक्टस रोबस्टस, ज्याचं एकेक बेट शेकडो खोडांचं होतं, तो पुएब्लाच्या तेवाकान खोऱ्यातला. तिथे दुपार कडक, पण सूर्य मावळला की अंगावर शाल घ्यावी लागते. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवर. चिलीच्या किनाऱ्यावर समुद्राच्या धुक्यावर जगणाऱ्या कोपियापोआची तर तिथे दैनाच होते. खुद्द ॲरिझोनाच्या डोंगरांत वाढणारा, लालभडक फुलांचा ‘क्लॅरेट कप’सुद्धा फिनिक्सच्या सखल भागात कुरकुरतो. कोलोरॅडोने २०१४ मध्ये त्याला आपला राज्य-निवडुंग केलं, यावरून त्याला कोणती हवा आवडते ते समजावं.

आता सग्वारो का टिकला? एक कारण त्याच्या उंचीत आहे. उघड्या वाळवंटात भर दुपारी जमिनीचा पृष्ठभाग ६५-७० अंशांपर्यंत तापतो. त्या तव्यापासून मोठ्या सग्वारोचा बहुतेक देह दूर असतो, आणि त्याचं जाड, पाण्याने भरलेलं खोड सावकाश तापतं. लहान निवडुंग मात्र त्या तव्यावरच बसलेला असतो. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं : तुम्हाला एकटा दिसणारा तो सग्वारो लहानपणी बहुधा एकटा नव्हता. सोनोरा वाळवंटात त्याची रोपं पालो व्हर्दे, आयर्नवुड किंवा मेस्किट यांच्या सावलीत जगतात. मेस्किट म्हणजे आपल्याकडे माळामाळावर माजलेल्या वेड्या बाभळीची बहीण. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ अशा झाडांना ‘दाई झाडं’ म्हणतात. ती दुपारी सावली धरतात आणि हिवाळ्यात दव-गारठा अडवतात. जंगलात फिरताना लहान निवडुंग शोधायचे असतील, तर उघड्यावर नाही, झुडपांच्या बुडाशी वाकून बघावं लागतं. तुमची पाटी लिहिणारा तसा वाकलेला दिसत नाही.

राहिला प्रश्न बेट ‘मधूनच’ का खचलं याचा. बेट तयार होतं ते खोडावरच्या काटेरी ठिपक्यांतून पिल्लं फुटून. काही मॅमिलारियांत तर शेंडाच दुभंगून एकाची दोन डोकी होतात. अशा दाटीचे फायदे असतात : खोडं एकमेकांवर सावली धरतात, पाण्याचा एकत्र साठा मोठा होतो. पण मधली खोडं सर्वांत जुनी, आणि तिथे वारा पोहोचत नाही. वाळकी फुलं, धूळ, ओल तिथेच अडकते आणि पिठ्या ढेकणाला लपायला तशी जागा फार आवडते. तापलेली रात्र आणि तापलेली ओली माती एकत्र आली, की सडण्याची सुरुवात मधून होते. वरून दिसेपर्यंत आतलं काम आटोपलेलं असतं.

प्रश्न दुसरा : मग काय लावावं, आणि कसं?

उत्तर : भूमिपुत्र निवडा. एकिनोसेरियस एंगलमानी या स्थानिक ‘हेजहॉग’चं बेट साठेक खोडांपर्यंत वाढतं आणि वसंतात गडद गुलाबी फुलतं. काटे विरळ पण बारीक कुसळांनी भरलेला बीव्हरटेल ओपन्शिया पसरत जातो. त्याला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. स्थानिक मॅमिलारिया ग्राहमीही चालेल, पण झुडपाखाली. जागा मोठी असेल तर ऑर्गन पाइप लावा. त्याच्या नावाने १९३७ मध्ये राष्ट्रीय स्मारक घोषित झालं आहे. मात्र त्याला कडक थंडी सोसत नाही.

पश्चिमेची भिंत सोडा. घराच्या पूर्वेला किंवा पालो व्हर्देच्या ईशान्येला लावा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि तिसऱ्या प्रहराचं टळेल. लावण्याआधी फूटभर खड्डा करून पाण्याने भरा. चार तासांत पाणी १० सेंटिमीटर तरी उतरलं पाहिजे. नाही उतरलं, तर खाली ‘कॅलिची’ हा चुन्याचा दगडासारखा थर आहे. तो फोडा, नाहीतर उंचवटा करून त्यावर लावा. लागवड ऑक्टोबरमध्ये किंवा मार्चमध्ये करा. रोपाची दक्षिणेची बाजू कुंडीत असतानाच खुणावून ठेवा आणि जमिनीतही तीच बाजू दक्षिणेला ठेवा. कोवळी बाजू एकदम उन्हाकडे आली तर करपते, आणि ते डाग कायमचे राहतात. पहिल्या उन्हाळ्यात ३० ते ५० टक्के सावली देणारी जाळी हवीच.

‘कमी पाणी’ म्हणजे रोज थोडं थोडं नव्हे. रुजलेल्या झाडाला उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा, पहाटे, खोलवर मुरेल असं पाणी द्या आणि मग माती पूर्ण वाळू द्या. ॲरिझोनालाही मान्सून आहे, १५ जून ते ३० सप्टेंबर असा त्याचा सरकारी हंगाम. मात्र फिनिक्सला वर्षभरात मिळून सुमारे १८० मिलिमीटरच पाऊस पडतो, त्यामुळे आपल्या सवयीने त्याच्यावर विसंबू नका. चांगली सर आली, तर तेवढी पाण्याची पाळी चुकवा.

जुन्या बेटाच्या कडेची खोडं अजून टणक असतील तर ती स्वच्छ सुरीने कापा. काप आतून पांढरट-हिरवा असावा. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. दोन आठवडे सावलीत ठेवून जखम वाळू द्या आणि ऑक्टोबरमध्ये कोरड्या, भरड मातीत टेकवा. नवी रोपं मात्र रोपवाटिकेतूनच आणा. ॲरिझोनाच्या रानातले निवडुंग राज्याच्या कायद्याने संरक्षित आहेत. जमीनमालकाची संमती आणि कृषी खात्याचा परवाना नसताना ते उपटणं गुन्हा ठरतो.

आणि मेक्सिकोच्या पठारावरचं ते बेट फारच आवडलं असेल, तर पुन्हा जरूर घ्या. फक्त कुंडीत लावा, आणि जूनमध्ये ती पूर्वेच्या पडवीत हलवण्याइतकी हलकी ठेवा.